चौतीस अंशांचा चमत्कार

"गप्प बसा रे! श्वास घ्यायचा तर तोही हळू घ्या!"

सी बुशाइबने, म्हणजे आमच्या बुशाइबसाहेबांनी, हात वर केला आणि दीडशे माणसांनी भरलेला हॉल खरोखरच गप्प झाला. चहाचे पेले खाली ठेवले गेले. एकाने मोबाईल उंच धरला, त्याच्या मागच्याने त्याला कोपर मारून खाली बसवलं.

या दीडशेत एकही अडाणी नव्हता बरं का. कुणी बँकेत, कुणी बंदरावर क्रेन चालवणारा, दोन तर चांगले इंजिनियर. सगळे हौशी. आपला कॉम्प्युटर आपल्या हातांनी जोडायचा, कॅबिनेटला काच बसवायची, आत रंगीत दिवे लावायचे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी तो नव्या नवरीसारखा मिरवत इथे आणायचा, दर्ब घल्लेफच्या कॉम्प्युटर-मोबाईलच्या बाजाराला लागून असलेल्या कॅफेच्या वरच्या हॉलात. आज्या ताईत बांधतात म्हणून पोट धरून हसणारी ही मंडळी. आणि समोर काय होतं? ताईतच! फक्त काचेच्या कॅबिनेटमध्ये.

त्या कॅबिनेटमध्ये एकही पंखा नव्हता. पाण्याची नळी नव्हती. प्रोसेसरवर तळहाताएवढा तांब्याचा पत्रा बसवलेला, त्यावर चौकटीत कोरलेले आकडे, फकीह लोक, म्हणजे ताईत करणारे मौलवी, कागदावर लिहून देतात तसले. मोठ्या पडद्यावर गाड्यांची शर्यत धडाधड चालली होती. ही शर्यत लावली की आमच्यातल्या भल्याभल्यांच्या मशीनचे पंखे विमानासारखे घोंघावतात. हे मशीन मात्र एकदम चिडीचूप. कॅबिनेटच्या कपाळावरच्या छोट्या पडद्यावर आकडा होता: चौतीस अंश.

"ही जादू नाही!" बुशाइब गरजला. "जादू म्हणेल त्याला मी जिन्यावरून खाली सोडेन. हे शास्त्र आहे, शास्त्र! तांब्याला कंपन असतं, आकड्यालाही कंपन असतं. दोन्ही एकत्र आली की उष्णता गोंधळते. कुठे जायचं तेच तिला कळत नाही. मग ती होतच नाही!"

"पण मग ती राहते कुठे, सी बुशाइब?" मागून कुणीतरी विचारलं.

"क्वांटममध्ये!"

काय त्या टाळ्या! विचारणाऱ्यानेसुद्धा वाजवल्या.

"लार्बी, पुढे ये. माझ्यावर नका ठेवू विश्वास, याच्यावर ठेवा. सांग, काय दिसतंय?"

लार्बी म्हणजे मी. बाजारात सुट्या भागांचा माझा गाळा आहे, चोवीस वर्षं झाली. माल खरा की खोटा हे ठरवायचं झालं की लोक माझ्याकडे पाठवतात. आणि मला सोल्डरिंग शिकवलं ते याच बुशाइबने. माझ्या लग्नात माझ्या बाजूने उभा राहिला तोही हाच.

"चौतीस," मी म्हणालो.

"अरे, जेवला नाहीस का? मोठ्याने बोल!"

"चौतीस अंश!" मी ओरडलो.

आमच्यात एक रिवाज आहे. दुसऱ्याच्या चालू मशीनला हात लावायचा नाही, आणि मागची बाजू तर बघायचीच नाही. पुढून काच आणि दिवे. मागे सगळ्या वायरी बांधून, कोंबून लपवलेल्या. ती बाजू भिंतीकडे. घरी पाहुणा गेला तर तो बसायच्या खोलीत बसतो, मोरी उघडून बघत नाही, तसंच हे. माझ्या खिशात वीज मोजायचा मीटर होता. मशीन किती वीज खातंय हे एका मिनिटात कळलं असतं. मी तो बाहेर काढला नाही. मित्राच्या मशीनला मीटर लावायचा म्हणजे त्याच्या घरी जेवताना ताटातली हाडं मोजायची, असं मला वाटलं. चौतीस म्हणालो आणि जाऊन बसलो.

त्या रविवारीच साठ पत्रे खपले. पुढच्या आठवड्यात पत्र्याच्या खोक्यावर छापून आलं: 'दर्ब घल्लेफच्या लार्बीने स्वतः पाहिले आहे.' बुशाइबने मला विचारलं होतं, छापू का म्हणून. मी म्हणालो, छाप की. खोटं कशाला बोलू, आवडलं होतं मला ते.

आता इतोबद्दल सांगतो. इतो म्हणजे माझ्या गाळ्यावर दोन वर्षं येत असलेली मुलगी. डोंगराकडच्या खेनिफ्राची, इथे खोली घेऊन राहणारी. हाताने चित्रं काढून ती कॉम्प्युटरवर हलती करायची. तिचं मशीन आम्ही दोघांनी मिळून उभं केलं होतं: ग्राफिक्स कार्ड एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतलं, कॅबिनेट भंगारातलं, रंग तिने दिलेला. त्यावर तिने अकरा मिनिटांची एक फिल्म केली होती, डोंगरातल्या एका मेंढपाळणीची. फ्रान्समधली एक शाळा दरवर्षी दोन मुलांना फुकट शिकवते, त्यासाठी. वयाची अट तेवीसच्या आत. इतोला एप्रिलमध्ये तेवीस पूर्ण होणार होती. म्हणजे यंदा नाहीतर कधीच नाही.

फिल्म संपली होती. सगळी चित्रं जोडून पक्की फिल्म बनवायची, शेवटची मोठी छपाई म्हणा, ती बाकी होती. मशीनला सलग तीन दिवस राबायचं होतं, आणि ते तापून मध्येच बंद पडायचं. मुदतीला नऊ दिवस होते.

"लार्बीकाका, पत्रा बसवू का?" तिने विचारलं. हातात खोकं होतंच.

"बुशाइबचा आहे ना?"

"त्याच्यावर तुमचं नाव आहे."

"मग बसव."

एवढंच बोललो मी. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला केबल दाखवत होतो.

खोक्यात सूचनांचा कागद होता. पहिली सूचना: सगळे पंखे काढा, वाऱ्याने कंपन बिघडतं. दुसरी: तापल्यावर आपोआप बंद पडायची सोय सेटिंगमध्ये जाऊन काढून टाका, कारण 'घाबरणाऱ्या मशीनवर पत्रा काम करत नाही.' आता बोला! आणि इतोने आमच्या हौशी लोकांची नेहमीची चूक केली होती, मीही करतो: बॅकअप होता, पण दुसऱ्या डिस्कवर, त्याच कॅबिनेटमध्ये. कॅबिनेटमध्ये जागा रिकामी दिसली की आम्हाला चैन पडत नाही.

सकाळी काम लावून ती शिकवणीला गेली. दुपारी आली तेव्हा जिन्यात वास होता. आत वायरींचं आवरण वितळून शॉर्ट झाला होता, आणि नको तेवढी वीज दोन्ही डिस्कमध्ये घुसली होती. माझ्याकडे आणल्यावर मी त्या उघडल्या, तीन दिवस खटपट केली, रबातच्या एका ओळखीच्या माणसाकडे पाठवल्या. एक चित्रसुद्धा निघालं नाही.

बुशाइबला विचारलं तर म्हणाला, "पोरीने पत्रा उलटा बसवला असणार. नाहीतर मनात शंका असेल. शंका असली की कंपन अडतं, लार्बी." आणि मी, गाढवासारखा, घरी जाऊन विचार करत बसलो की उलटा कसा बसला असेल.

पुढच्या पहिल्या रविवारी इतो हॉलात आली ती एकटी नाही. तिच्याबरोबर तिची शाळेतली भौतिकशास्त्राची बाई होती, उस्तादा झौहरा. खेनिफ्राहून पहाटेची बस पकडून आलेली. साठीची, पायात सपाट चपला, हातात भाकरीची पिशवी. टेबलावर तेच काचेचं मशीन, तीच शर्यत, तोच चौतीसचा आकडा.

"सी बुशाइब, हे मशीन वीज किती खातं हो?" बाईंनी विचारलं.

"सहाशे वॅट, लाल्ला! पूर्ण ताकदीने!"

"माझ्या इस्त्रीच्या निम्म्याहून जास्त."

"इस्त्री!" बुशाइब लोकांकडे वळला. "आम्ही क्वांटम बोलतोय, लाल्ला इस्त्री करतायत!"

हॉल खो खो हसला. बाईही हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, "खाल्लेलं कुठून तरी बाहेर पडतंच की नाही? वीज आत गेली, तेवढी उष्णता बाहेर आलीच पाहिजे. तुमच्या पत्र्याने ती प्यायली म्हणा. मग पत्रा तरी तापला पाहिजे. मी हात लावून बघते."

त्यांनी काच सरकवली आणि सरळ पत्र्यावर बोट ठेवलं. हॉलात हलकल्लोळ! "अहो लाल्ला! दुसऱ्याच्या मशीनला हात लावत नाहीत!" "रिवाज आहे आमचा!"

"तुमचा असेल. मला कुणी सांगितला नाही." बाईंनी बोट काढलं. "गार आहे. कामच करत नाहीये हे."

"काम करत नाही? मग ही शर्यत काय माझी सासू पळवतेय?" बुशाइबने पडद्याकडे हात केला. पुन्हा हशा झाला.

बाईंनी मग बुशाइबकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "लार्बी तुम्हीच ना? खोक्यावर नाव आहे ते? मशीनची वायर बोर्डातून काढा. पडदा चालू राहू दे, फक्त मशीनची काढा."

"लार्बी," बुशाइब हळूच म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता. "एका ताटात जेवलोय आपण. तीस वर्षं."

खरं सांगतो, तिथेच मला सगळं कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि हात पुढे करणं वेगळं. इतो दाराशी उभी होती. मी टेबलामागे गेलो आणि प्लग ओढला.

काचेच्या कॅबिनेटमधले दिवे गेले. चौतीसचा आकडा गेला. आणि मोठ्या पडद्यावर गाड्या पळतच राहिल्या! लाल गाडीने निळीला मागे टाकलं, वळण घेतलं. मेलेलं मशीन शर्यत जिंकत होतं.

कुणी हसलं नाही.

मी कॅबिनेट फिरवलं. पडद्याची केबल त्या मशीनमध्ये नव्हतीच. बांधलेल्या वायरींच्या जुडग्यातून ती नुसती जात होती, टेबलक्लॉथच्या खालून भिंतीतल्या भोकात. भिंतीपलीकडे कॅफेची कोठी, आणि कॅफे बुशाइबच्या मेव्हण्याचा. कोठीचं दार उघडलं तसा भट्टीसारखा वारा तोंडावर आला. पिठाच्या पोत्यांमध्ये एक मशीन घोंघावत होतं, सहा पंख्यांचं. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टच्या आवाजात त्याचा आवाज बुडून गेला होता. छोट्या पडद्यावरचा आकडा तर खोटाही नव्हता हो! अगदी खरा होता. फक्त तो रिकाम्या बसलेल्या मशीनचा होता, आणि घाम गाळणारं मशीन भिंतीआड होतं.

ते मशीन मी ओळखलं. त्यातला एकेक स्क्रू मी बसवलेला होता. "भाच्याला शिकायला हवंय," असं म्हणून गेल्या वसंतात बुशाइबने माझ्याकडून करवून घेतलं होतं, आणि मी मजुरी घेतली नव्हती. माझ्याच हातांनी बनवलेल्या मशीनने मला फसवलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

हॉलात आरडाओरडा सुरू झाला. कुणी बुशाइबची कॉलर धरली. उस्तादा झौहरा मध्ये पडल्या: "मारू नका. मारलंत तर उद्या तुम्हाला याला दिलेला मार आठवेल, याच्यासाठी वाजवलेली टाळी आठवणार नाही." त्यांनी त्याला खुर्चीवर बसवला. मी समोर बसलो.

"का रे?" मी विचारलं.

"डोळे गेले, लार्बी. सोल्डरचा थेंब दिसत नाही. माझ्याकडे आता कोण येतं? पोरं घरबसल्या माल मागवतात. इथे उभा राहिलो की दीडशे माणसं श्वास धरून ऐकायची."

"लोकांचं सोड. इतोचं तरी? तिची फिल्म आहे, मुदत आहे, हे तुला माहीत होतं. तिला एकटीला बाजूला घेऊन सांगायचं होतंस, 'पोरी, हे तू बसवू नकोस.' मी काही बोललो नसतो."

त्याने मान खाली घातली. "तिला सांगितलं असतं तर तिने तुला विचारलं असतं. मग तुला कळलं असतं."

म्हणजे माझ्या नजरेतून उतरू नये म्हणून त्याने तिचं मशीन जळू दिलं. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी बोललेलो नाही. लोकांचे पैसे त्याने परत केले म्हणतात, केले असतील.

फिल्मची मुदत तेव्हा आठवडाभरापूर्वीच गेली होती, आणि एप्रिलला जेमतेम चार आठवडे उरले होते. मी इतोला जिन्यात गाठलं. म्हटलं, "पोरी, तू शिकलेली. ताइतावर विश्वास ठेवलास कसा?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. रागसुद्धा नव्हता डोळ्यांत.

"ताइतावर कुठे ठेवला, लार्बीकाका? मी तुमच्यावर ठेवला."

म्हणून निदान तुम्हाला सांगतो. भोंदूला ओळखणं फारसं अवघड नसतं हो. तो ओरडतो, हातवारे करतो, क्वांटम म्हणतो. घात करतो तो त्याच्या शेजारी उभा राहून 'मी स्वतः पाहिलंय' म्हणणारा भला माणूस. असा कुणी भेटला, मग तो तुमचा डॉक्टर असो, भाऊ असो, की चोवीस वर्षं जुना दुकानदार असो, लाजू नका, त्याला विचारा: काय पाहिलंस? हात लावलास का? मागची बाजू बघितलीस का? राग येईल त्याला. येऊ द्या. मला त्या रविवारी एका माणसाने जरी असं विचारलं असतं, तरी मला खरं सांगावं लागलं असतं की मी काहीच तपासलेलं नाही.