चौदाव्या भागापासून पुढे

सिद्धांत बनसोडेला जगातल्या बहुतेक गोष्टी भिकार वाटत, आणि त्या भिकार का आहेत हे सांगायला त्याने एक यूट्यूब चॅनेलच काढला होता. नाव ‘स्पष्टच सांगतो’. दिवसभर तो सोलापुरातल्या एका पतसंस्थेत संगणकासमोर बसे. संध्याकाळी घरी आला की जपानी कार्टून मालिकांच्या डिस्क लावायचा आणि त्यांतली खोट शोधायचा. कुठे रंग फिके, कुठे आवाज फाटका, कुठे डब्यावरची छपाई तिरकी. फोनवर सिनेमे बघणाऱ्यांना तो माणसांत धरत नसे. गावात ब्लू-रे प्लेअर आपल्या एकट्याकडेच आहे, असा त्याचा समज होता आणि त्याबद्दल त्याला दुःख कमी, अभिमान जास्त होता. त्याची आई मीनाबाई शेजारणींना सांगायची, “पोरगं तेहतीस वर्साचं झालं, पर अजून भावल्यांवर चिडतंय.”

तशात ‘अग्निकवच’ बाजारात आली. सत्तर फुटी लोखंडी माणूस, त्याच्या छातीत बसून लढणारी चौदा वर्षांची पोरगी, आणि आकाशातून येणारे शत्रू. एकूण एकोणचाळीस भाग. सिद्धांतने ही मालिका चौथीत असताना हिंदीतून पाहिली होती, तीही निम्मी, कारण शेजारच्यांचं केबल मध्येच बंद पडलं होतं. आता मुंबईच्या एका कंपनीने ती पूर्ण मालिका ब्लू-रेवर काढली होती आणि खाली पहिल्यांदाच मराठी सबटायटल दिली होती. सिद्धांतने पहिल्या दिवशी मागणी नोंदवली.

कुरिअरवाल्याने डबा घरी न आणता कोपऱ्यावरच्या पानटपरीत ठेवला. टपरीवाल्याने त्याच्यावर पानांची करंडी ठेवली. डब्याचा एक कोपरा चेपला आणि वर ओल आली. सिद्धांतने ते सगळं आधी कॅमेऱ्यात टिपलं, मग डबा घरी नेला. चौथी डिस्क तिसरीच्या खाचेत होती. पुस्तिकेतली चार पानं उलटी शिवली होती. त्याला बरं वाटलं. सुरुवात तर झकास झाली होती.

पतसंस्थेत तापाचं कारण देऊन त्याने चार दिवसांत एकोणचाळीस भाग पाहिले. पहिले तेरा सुरळीत गेले. चौदाव्यापासून मात्र त्याला घबाड सापडलं. लढाईच्या ऐन गर्दीत एक सैनिक दुसऱ्याला ओरडून सांगतो की माझ्या पाठीशी राहा, आणि खाली अक्षरं येतात: “मला पांघरूण घाल!” सेनापती गोळीबाराचा हुकूम देतो, खाली येतं: “आग लागली!” अवकाशयानाचा कप्तान सगळ्यांना नियंत्रणकक्षात बोलावतो, तर खाली: “सर्वांनी पुलावर जमा व्हावे.” वर ना नदी, ना ओढा. सिद्धांत सोफ्यावर आडवा होऊन हसला. आई भाजी निवडता निवडता उठून बघायला आली.

व्हिडिओ बावीस मिनिटांचा झाला. पहिल्या तेरा भागांबद्दल तो म्हणाला, “हे ठीक आहेत. बोलण्यासारखं काही नाही.” मग त्याने एकेक वाक्य पडद्यावर आणून त्याची सालं काढली. शेवटी पुस्तिका कॅमेऱ्यासमोर धरून नाव वाचलं: “मराठी उपशीर्षके, बुद्धप्रिया सर्वगोड.” आणि म्हणाला, “नाव सर्वगोड, भाषा सर्वकडू. या बाईंनी आयुष्यात कधी मराठी माणूस बोलताना ऐकलाय का? ऐकला असेल तर त्या माणसाची मी माफी मागतो.”

त्याच्या व्हिडिओंना एरवी तीनचारशे लोक यायचे. याला आठवड्यात दोन लाख आले. पतसंस्थेचे व्यवस्थापक पंचाक्षरी यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून फोन पुढे केला. “हा तूच की?” तापाची रजा त्यांच्या ध्यानात आली नाही, किंवा आली तरी हसण्याच्या नादात राहून गेली. त्या दिवसापासून ते रोज सकाळी विचारू लागले, “काय बनसोडे, पांघरूण घातलं का?” कॉलेजच्या पोरांनी त्या वाक्याचे टी-शर्ट छापले. सिद्धांत चहाच्या गाड्यावर उभा राहिला तरी कुणीतरी ओळखायचं. तो मान जराशी हलवायचा, नाइलाज झाल्यासारखी.

दहाव्या दिवशी मेल आली.

“नमस्कार. तुमचा व्हिडिओ पाहिला. तुम्ही अकरा चुका दाखवल्यात. एकूण दोनशे चौदा आहेत, यादी जोडली आहे. तुमच्या अकरांपैकी दोन चुका नाहीतच. ते मराठी बरोबर आहे, तुम्हाला ठाऊक नसावं. रविवारी सवड असेल तर कुर्डुवाडीला यावं. बुद्धप्रिया सर्वगोड.”

सिद्धांतने ती तीनदा वाचली. बाई एक तर रडणार, नाहीतर वकील घेऊन बसणार, असा त्याने अंदाज बांधला आणि दोन्हींसाठी कॅमेरा चार्ज करून घेतला. रविवारी सकाळच्या गाडीने तो निघाला. वाटेत त्याने बोलायची वाक्यं मनात घोळवली. टीका व्यक्तीवर नसून कामावर असते, वगैरे.

स्टेशनच्या मागे निवृत्त रेल्वेवाल्यांची घरं होती. दार एका सावळ्या, चष्मा लावलेल्या, चाळिशीच्या बाईने उघडलं. तिने त्याला आत घेतलं, खुर्ची दिली, आणि त्याने कॅमेरा काढायच्या आत म्हणाली, “ते तसंच पिशवीत राहू द्या.” ते त्याने ऐकलं. भिंतीला टेकून पलंगावर तिचे वडील बसले होते. धोंडिराम सर्वगोड, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फिटर. त्यांनी पाहुण्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ह्योच का त्यो?” असं मुलीला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहाचा कप तोंडाला लावला.

बुद्धप्रियाने छापील कागद पुढे ठेवले. “पहिले तेरा भाग पाहिलेत तुम्ही?”

“पाहिले की.”

“कसे वाटले?”

“ठीक. म्हणजे काही खटकलं नाही.”

“व्हिडिओत त्या तेरा भागांना तुम्ही नऊ सेकंदं दिलीत. मी मोजली.” तिचा आवाज चढला नव्हता, वर्गात हजेरी घ्यावी तसा होता. “ते तेरा माझे. पुण्यात नऊ वर्षं एका जपानी कारखान्यात दुभाषी होते मी. बाबांच्या आजारपणात परत आले. मूळ जपानीवरून ते भाग करायला मला पाच महिने लागले. मग कंपनीला घाई झाली. पुढचा इंग्रजी मजकूर त्यांनी भाषांतराच्या यंत्रात टाकला आणि बाहेर पडेल तो छापला. ‘फायर’ दिसलं की आग, ‘ब्रिज’ दिसला की पूल. नाव मात्र माझंच ठेवलं. सगळीकडे एकच नाव बरं दिसतं, म्हणाले.”

“मग तुम्ही तक्रार...”

“चार मेल केल्या. पाचवी तुम्हाला केली.”

सिद्धांतची पाठ केलेली वाक्यं आता निरुपयोगी झाली होती. टीका कामावर होती, हे म्हणायला काम तिचं असायला हवं होतं.

पलंगावरून धोंडिराम म्हणाले, “तिसऱ्या भागात त्यो मेस्त्री काय म्हंतो, ध्यानात हाय का?”

सिद्धांतला आठवेना.

“‘बेअरिंग जाम झालंय, ग्रीस न्हाय, आन तुमाला लढाई सुचतीया व्हय?’ त्ये माझं हाय.” म्हाताऱ्याने कप खाली ठेवला. “सत्तर फुटी धूड आन तेलपानी कोन करतंय त्ये दावतच न्हाईत. लई आडानी लोकं. मी हिला म्हनलं, निदान त्या मेस्त्र्याला तरी आमच्यावानी बोलू दे.”

आता सिद्धांतला आठवलं. त्या वाक्याला तो खरोखर हसला होता. चांगला मोकळा हसला होता. हे वाक्य कुणीतरी बसून, शब्द निवडून लिहिलं असेल, असं मात्र त्याच्या मनात क्षणभरही आलं नव्हतं. चुकीला मालक असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बरोबर वाक्यं आपोआप उगवतात असंच तो आजवर धरून चालला होता. 

“ते आडनावावरचं...” तो म्हणाला.

“चौथीतल्या पोरांनी याच्यापेक्षा बरे विनोद केलेत त्यावर.”

“मी व्हिडिओ काढून टाकतो.”

“कशाला? दोन लाख लोकांनी पाहिलाय. आता काढलात तर तुमचं मन हलकं होईल. माझ्या हाती काय येणार?” तिने चष्मा पुसला. “मला दुसरंच काम आहे. कंपनीने मला डबा पाठवला नाही. ती यादी मी नुसत्या फाईलवरून केली. माझे तेरा भाग मी अजून पडद्यावर पाहिलेले नाहीत. तुमच्याकडे ते मशीन आहे ना?”

पुढच्या रविवारी बापलेक सोलापूरला आले. मीनाबाईंनी भाकरी आणि शेंगाचटणी केली होती. धोंडिराम टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसले आणि प्रत्येक लढाईनंतर त्या यंत्राच्या गुडघ्याला नावं ठेवत राहिले. बुद्धप्रिया चित्राकडे फारसं बघतच नव्हती. तिचे डोळे पडद्याच्या तळाशी, हातात पेन्सिल. संध्याकाळपर्यंत आठ भाग झाले आणि तिने स्वतःच्याच चार चुका लिहून काढल्या. सिद्धांत बाजूला बसून तीच अक्षरं वाचत होता. पोरगी घाबरली की तिची वाक्यं तुटत होती. सेनापती गोड बोलला की त्याच्यावर विश्वास बसत नव्हता. त्याने हे सगळं आधी पाहिलं होतं आणि काहीही पाहिलं नव्हतं.

मीनाबाईंनी जाताना बुद्धप्रियाच्या हातात चटणीचा डबा दिला आणि मुलाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, “ह्येच्या बोलन्याकडं ध्यान देऊ नगंस बाई. ह्यो मला बी चुका काढून दावतो, सैपाकात.”

सिद्धांतने दुसरा व्हिडिओ केला. त्यात त्याने पहिल्या तेरा भागांतली वाक्यं एकेक करून दाखवली, ती का चांगली आहेत ते सांगितलं, कंपनीने काय केलं ते सांगितलं, आणि आपण काय केलं तेही, आवाज न चोरता. त्यासाठी तो तीन आठवडे खपला. व्हिडिओ सातशे चाळीस लोकांनी पाहिला. खाली प्रतिक्रिया आल्या: “बोअर.” “पांघरूण कुठाय?” “कंपनीने गप्प केलं वाटतं भाऊला.” पंचाक्षरी साहेबांनी चार मिनिटं पाहून फोन परत केला. “पहिल्यासारखी मजा नाही यात,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पांघरुणाची चौकशी केली.

पावसाळ्याच्या तोंडावर कंपनीने जाहीर केलं की जाणकार प्रेक्षकांच्या सूचनांचा आदर राखून ‘अग्निकवच’ची सुधारित आवृत्ती काढत आहोत. सिद्धांतने ती मागवली. डिस्क जागच्या जागी होत्या, पानं सुलटी होती. त्याने चौदावा भाग लावला. “मला पांघरूण घाल!” जसंच्या तसं. “सर्वांनी पुलावर जमा व्हावे.” तेही तसंच. मग पुस्तिका उघडली. मराठी उपशीर्षकांची ओळच नव्हती. बुद्धप्रिया सर्वगोड हे नाव एकोणचाळीस भागांवरून उडवलं होतं, तिच्या तेरांवरूनही.

त्याने बुद्धप्रियाला फोन लावला आणि एका दमात सांगितलं.  पलीकडे ती हसली, कोरडं आणि थोडकं.

“म्हणजे त्यांनी एकच चूक दुरुस्त केली,” ती म्हणाली. “मी.”

“मी तिसरा व्हिडिओ करतो. सोलून काढतो त्यांना. असा सोलतो की...”

“करा की. तुम्हाला तेवढंच येतं.” मग म्हणाली, “नाहीतर एक करा. चौदावा भाग लावा आणि कोण कधी बोलतं, वाक्य किती सेकंद पडद्यावर राहतं, ते सगळं लिहून पाठवा. मूळ जपानी संवाद आहेत माझ्याकडे. मला तो भाग नीट करायचाय.”

“कुणासाठी?”

“बाबांना पुढची गोष्ट कळलेली नाही. विचारत असतात.”

तिसरा व्हिडिओ झालाच नाही. सिद्धांत संध्याकाळी प्लेअर लावून सेकंद लिहीत बसू लागला. पहिली वही त्याने पाठवली ती लाल खुणांनी भरून परत आली, एकतीस होत्या. त्याने मोजल्या, एक खोडून काढण्यासारखी सापडते का ते पाहिलं, सापडली नाही.

आता ते सतराव्या भागापर्यंत आले आहेत. गेल्या रविवारी कुर्डुवाडीला शत्रूच्या सरदाराच्या मरणावर दुपारभर अडून होते. सरदार ढिगाऱ्याखाली पडलाय आणि जपानीत सलग चाळीस सेकंद बोलतोय. बुद्धप्रियाने त्याचे तीन खर्डे केले होते. तिने तिन्ही मोठ्याने वाचले. सिद्धांतला दुसरा आवडला, आणि का आवडला ते त्याने सांगितलं. हे त्याला अजून थोडं जड जातं. धोंडिरामांनी तिन्ही ऐकून घेतले.

“मरताना कुनी एवढं बोलत न्हाय,” ते म्हणाले.

“तो जपानीत बोलतोय बाबा, मी काय करू?”

“त्यो बोलू दे की. तू लिवू नगंस समदं.”

तिने वडिलांकडे पाहिलं, मग सिद्धांतकडे. मग पेन्सिल घेतली आणि दुसऱ्या खर्ड्यातल्या सातांपैकी चार ओळी खोडल्या.