दारातून न निघणारं टेबल

मी टेबल बोलतोय. खरं सांगायचं तर अर्धंच टेबल. माझा दुसरा अर्धा भाग थोरल्याच्या घरी भिंतीला टेकून उभा आहे, आणि त्याच्यावर म्हणे सगळ्या घराचे चार्जर असतात. मी धाकट्याकडे. माझ्यावर काय नसतं तेवढं विचारा.

माझा जन्म एका सुताराच्या बाहेरच्या खोलीत झाला. हा सुतार दारं आणि चौकटी करणारा. कुणाकडे नवं दार बसवलं की जुनं दार खांद्यावर टाकून घरी घेऊन यायचा. "एवढं चांगलं लाकूड! फेकवतं तरी कसं लोकांना?" असं म्हणायचा. अशा तीन दारांच्या फळ्यांतून मी झालो. म्हणून माझ्या एका कोपऱ्यात किल्लीचं भोक आहे. त्याची बायको म्हणाली, "बुजवा हो तेवढं." तो म्हणाला, "असू दे. कुठून आला ते त्याच्या लक्षात राहील." राहिलं. त्याच्या दोन्ही पोरांनी, थोरल्याने आणि धाकट्याने, मात्र त्या भोकातून वर्षानुवर्षं औषधाच्या गोळ्या खाली सोडल्या आणि आईला वाटत राहिलं, पोरं किती गुणी!

त्या बाईची हौस एकच होती. "घरात सगळ्यांनी एकदम बसून जेवावं. एक आत, एक बाहेर, एक उभ्याने, हे मला बघवत नाही." म्हणून मी आठ माणसांचा झालो आणि माझं नाव पडलं जेवणाचं टेबल.

नाव ठेवायला काय जातं? माझ्यावर इस्त्री झाली, चादर अंथरून तान्ह्या बाळांना तेल लावलं गेलं, ब्लाउज बेतले गेले, धाकट्याने एकदा अख्खी सायकल उलटी करून दुरुस्त केली. मुलं माझ्यावर अभ्यास करायची आणि माझ्याखाली झोपायची. जेवायचं म्हटलं की आधी मला रिकामं करावं लागायचं, आणि ते कुणी करायचं यावर वाद व्हायचा. वाद संपेपर्यंत ज्याने त्याने आपापलं ताट घेऊन आपापली जागा धरलेली असायची. पुढे टीव्ही आला, मग तर प्रश्नच मिटला. सगळे त्याच्याकडे तोंड करून आणि माझ्याकडे पाठ करून जेवायचे.

पण मी दिसायला देखणा, हे मान्य करायला हवं. सुताराच्या बहिणीने मला पाहिलं आणि तिचा जीव माझ्यावर जडला. "दादा, आमच्याकडे कार्य आहे, चार दिवस टेबल दे." तिला दिलेली वस्तू परत येत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. सुताराने गंभीर चेहऱ्याने टेप काढला, मला मोजलं, दाराला मोजलं, दाराबाहेरच्या अरुंद जिन्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, निघतच नाही हे! आतच बनवलं ना. दाराचं माप घ्यायचंच विसरलो!"

आत्याबाई हसून हसून बेजार झाल्या. "वहिनी, बघा तुमचा नवरा! साऱ्या गावाची दारं करतो आणि स्वतःच्या दाराचं माप विसरतो!" ही गोष्ट त्यांनी इतक्या घरी सांगितली, की सुताराला लोक नवं काम देताना विचारायचे, "माप घेतलंत ना?" तो बिचारा हसण्यावारी न्यायचा.

आता खरं काय ते ऐका. आत्याबाई जिना उतरल्याबरोबर सुतार माझ्याखाली शिरला आणि बायकोलाही खाली बोलावलं. माझे चारी पाय लाकडी खुंट्यांवर बसवलेले होते. खुंट्या रंध्याने तासून, पॉलिश मारून अशा सपाट केलेल्या, की हात फिरवला तरी कळू नयेत. "इथे लाकडी हातोडीचा एक ठोका द्यायचा, की पाय हातात. मग राहते नुसती फळी. कुठल्याही दारातून निघेल. पण बोलायचं नाही कुणाजवळ." ती म्हणाली, "अहो, पण वन्सं गावभर तुमचं हसं करतील!" तो म्हणाला, "करू दे की. टेबल तर घरात राहील." दोघं माझ्याखाली बसून तोंडावर हात धरून हसली. ती त्यानंतर मला पुसताना बोट नेमकं खुंटीवरून फिरवायची, आणि तिला हसू यायचं.

वर्षं गेली. सुना आल्या, एक नात, एक नातू आला. टेबल हा शब्द तर त्या घरात सगळ्यांच्या तोंडी. थोरला ऑफिसातून येऊन म्हणायचा, "आज माझ्या टेबलावर इतकं काम होतं!" नातवंडं टू-थ्रीची टेबल्स घोकायची. सुना वाढदिवसाला हॉटेलात टेबल बुक करायच्या, आणि सगळं घर नटूनथटून लोकांच्या टेबलावर जेवायला जायचं. मी इथे फुकटात उभा होतो, अंगावर न वाळलेले मोजे घेऊन.

मग सुतार गेला. आजारपण फार नव्हतं. तो गेल्यावर त्याची बायको माझ्या किल्लीच्या भोकाजवळ एवढीशी जागा करून तिथे एकटी जेवायची. वर्षभरातच दोघा भावांनी ठरवलं, की घर विकायचं आणि दोघांनी दोन दिशांना राहायचं. "आई सहा महिने माझ्याकडे, सहा महिने तुझ्याकडे." हे तिच्यासमोरच ठरलं. तिला कुणी विचारलं नाही.

सामान न्यायला टेम्पो आला. हमालांनी मला आडवा केला, उभा केला, तिरका केला, पण माझे पाय जिन्याच्या वळणात अडकले. "साहेब, हे नाही निघत," हमाल म्हणाला. थोरला म्हणाला, "बाबांचा घोळ. अख्ख्या गावाला माहीत आहे."

त्यांच्या आईच्या चेहऱ्याकडे तेव्हा फक्त मी पाहत होतो. तिला खुंट्या माहीत होत्या. एक शब्द बोलली असती तर मी पाच मिनिटांत टेम्पोत असतो. पण तिच्या मनात वेडी आशा आली, की टेबल अडलं तर निघणंही अडेल. निदान चार दिवस तरी. चार दिवसांत पोरांचं मन फिरेलही.

फिरलं कसलं! टेम्पो परत पाठवला आणि तीन दिवस भांडण झालं ते माझ्यावरून. मी कुणालाच नको होतो, पण दुसऱ्याला मिळू नये एवढं दोघांनाही हवं होतं.

"पाय कापू आणि मी घेऊन जातो," धाकटा म्हणाला.

"तूच का? बाबांची आठवण मलाही हवी आहे," थोरला म्हणाला. या आठवणीवर त्याने आयुष्यभर ऑफिसची बॅग आपटली होती.

"मग मधोमध काप! निम्मं तुझं, निम्मं माझं."

"कापतो!"

आणि थोरल्याने खरोखरच बापाची करवत काढली. ती "अरे थांबा, अरे ऐका" म्हणाली, तर दोघं एका सुरात म्हणाले, "आई, तू मध्ये पडू नकोस." त्या तीन दिवसांत दोघांचं एकमत झालं ते इथेच. ती लगबगीने आत गेली आणि बांधलेली खोकी सोडून लाकडी हातोडी शोधायला लागली. सापडेपर्यंत वेळ गेला. ती हातोडी घेऊन दारात आली तेव्हा करवत माझ्या पलीकडच्या कडेला पोचली होती. दुखलं का, असं विचाराल तर हो, दुखलं. पण तिच्याकडे बघून जास्त दुखलं.

"हातोडी कशाला आता?" थोरल्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली.

माझे दोन तुकडे आतल्या बाजूला कलायला लागले, म्हणून धाकट्याने खाली दोन खोकी सरकवली. तेवढ्यात बाहेरून मागवलेलं जेवण आलं. खुर्च्या होत्या, पण टीव्ही बांधलेला. गाद्या बांधलेल्या. बसायला दुसरी जागाच नव्हती. मग दोन्ही भाऊ, दोन्ही जावा, नात, नातू आणि आई असे सगळे माझ्याभोवती बसले. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा! वहिनीने दिराला वाढलं. नातवाने नको असलेला घास भोकातून खाली सोडला आणि धाकटा दचकून म्हणाला, "अरे, हे तर मी करायचो!" थोरला म्हणाला, "मला शिकवतोस? भोकाचा शोध माझा." दोघं हसले.

मग थोरला सुस्कारा टाकून म्हणाला, "बाबा दाराचं माप विसरले नसते, तर आज हे कापावं लागलं नसतं."

"विसरले नव्हते ते," आई म्हणाली.

ती माझ्याखाली वाकली आणि एक ठोका दिला. पाय सुटला, तो तिने धाकट्याच्या हातात ठेवला.

"आई, तुला माहीत होतं?" थोरल्याने विचारलं. "मग पहिल्या दिवशीच का नाही बोललीस?"

"बोलले असते तर पहिल्या दिवशीच निघाला असतात," ती म्हणाली आणि रडली.

टेम्पो तरीही पुन्हा आला आणि निघाला. घर विकलेलं होतं, शब्द दिलेला होता. आता मी इथे धाकट्याकडे भिंतीला दोन ब्रॅकेटवर टेकलो आहे. सध्या तिचे सहा महिने इथे चालू आहेत. ती येते तेव्हा पिशवीत हातोडी घेऊनच येते आणि माझ्या खुंट्या ठोकून घट्ट करते. पुढच्या महिन्यात तिकडे जाईल तेव्हा माझ्या दुसऱ्या अर्ध्याच्या ठोकेल. मागच्या रविवारी थोरला सहकुटुंब आला होता. सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून जेवण केलं. ती माझ्यापाशी जेवली.

मला जोडा, असं मी म्हणत नाही. तुमच्याही घरी माझा कुणी भाऊबंद असेल, पसाऱ्याखाली. आज त्याच्यावरचे कपडे उचला आणि सगळे मिळून बसा. टीव्ही बंद करायला घर विकायची वाट बघू नका.