आधारला जोडलेला भावाचा नंबर

"अर्धं तिचं, अर्धं त्याचं. मधली भिंत कोणाचीच नाही." बुधवारा भागातल्या दुकानाच्या कुलपाला तेल देता देता वडील बोलले होते. तीस वर्षं झाली, पण दीपालीच्या कानांत तो आवाज अजून ओला होता. गेल्या वर्षी वडील गेले, दुकान भाड्यानं गेलं, आणि धाकटा योगेश तोंड वाकडं करून का होईना, अर्धं भाडं तिला पाठवू लागला.

तिचं आयकराचं रिटर्न तोच भरायचा. पासवर्ड त्याच्याकडे. आधारला मोबाइल नंबरही त्याचाच. घरातल्या साऱ्या बायकांना त्यानं आपलाच नंबर जोडला होता, एका दाव्याला गायी बांधाव्यात तसा. यंदा रिटर्नमध्ये भाडं पहिल्यांदाच दाखवायचं होतं.

ऑक्टोबरात त्याचा फोन आला. पडताळणीचा ओटीपी आलाच नाही, रिटर्न बाद झालं, कराचे एकतीस हजार बुडाले, पुन्हा भर. पुढच्या वर्षापासून सगळं भाडं माझ्याच नावावर दाखवू, म्हणजे तुझी कटकट मिटेल. शाळेच्या पगारात घर ओढणाऱ्या दीपालीनं एकतीस हजार दुसऱ्यांदा आणायचे कुठून? आधार केंद्रात जाऊन तिनं स्वतःचा नंबर जोडून घेतला, आणि त्यावर आलेल्या ओटीपीनं रिटर्नचा पासवर्डही बदलला.

पंधरा दिवसांनी ती त्याच्या घरी गेली. भावजय तृप्तीनं पेला असा आदळला की निम्मं पाणी स्टुलावर सांडलं.

"पैसे आणले का, ताई?" योगेशनं मोबाइलमधून मान वर केली नाही.

दीपालीनं कागद पुढे सरकवला. रिटर्न बाद झालं तरी भरलेला कर तिच्याच पॅनवर जमा होता. तेच चलन दाखवून तिनं नवं रिटर्न भरलं होतं. वर लागला तो फक्त उशिराचा दंड.

मास्तरीणबाई सीए झाल्या, म्हणून तो हसला. माहेराला कागदं दाखवणाऱ्या नणंदा नशिबानंच मिळतात, असं तृप्ती आतून म्हणाली.

"दंडाचे पाच हजार तू देशील," दीपाली म्हणाली.

"मी कायले देऊ? ओटीपी आला नाही, त्यात माझा काय कसूर?"

"माझ्या फोनवर अर्ध्या मिनिटात आला, योगेश. पडताळणी झाली. भाड्यासकट."

त्यानं मोबाइल पालथा ठेवला. कागदावरची भाड्याची ओळ बोटानं दाबून धरली, जशी काही ती पुसली जाणार होती.

"आला होता," तो म्हणाला. "तीनदा आला. मीच टाकला नाही. दुकानाच्या अर्ध्या हिश्शावर तुझं नाव सरकारी कागदावर चढू द्यायचं नव्हतं मला."