गोजराच्या मापाच्या चर्या

गोजरा गेल्याचं रूपेशने दवाखान्यातून फोन करून सांगितलं, तेव्हा तिचा नवरा वामन गच्चीवर हौसेराव गवंड्याशी हुज्जत घालत होता. गोजरा घरी आल्याशिवाय कठड्याची खाडीकडची बाजू तोडायची नाही, असं वामनचं म्हणणं होतं. मुलाचं बोलणं ऐकून त्याने फोन खिशात ठेवला. "आज ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाला. हौसेरावने छिन्नी-हातोडा पिशवीत टाकला.

करावे गावातल्या त्या घराला किल्ल्यासारखी तटबंदी गोजरालाच हवी होती. कठड्यात थोड्या थोड्या अंतरावर खाचा, मधे दातांसारख्या उभ्या चर्या.

"तोफा कुठं ठेवशील?" वामनने तिला विचारलं होतं. "सीवूड्सच्या मॉलवर हल्ला करतेस का?"

"तोफ घरातच हाय. घोरते ती."

कारण साधं होतं. नातवंडं पडू नयेत म्हणून रूपेशने कठडा उंच बांधून घेतला आणि बुटक्या गोजराला गच्चीवरून नुसतं आभाळ दिसायला लागलं. खाचेतून तिला बाहेर बघायचं होतं. शिवाय गल्लीत भांडण रंगलं, की चर्येआड उभं राहून ऐकायचीही सोय होणार होती.

हौसेराव तिला कठड्याशी उभं करायचा, हनुवटीपाशी पेन्सिलीने रेघ मारायचा आणि तिथपर्यंत खाच तोडायचा. तीन बाजू अशाच झाल्या होत्या.

दिवसकार्य आटोपल्यावर तो परत आला. चौथ्या बाजूचं माप घ्यायला त्याने जुन्या खाचांना टेप लावली आणि डोकं खाजवलं. "शेठ, तिन्ही बाजूंना वेगवेगळं भरतंय."

"तू पिऊन तोडलंस काय?"

"नाही ओ. तुम्ही गच्चीवर असला की वैनी टाचा उचलायच्या. तुम्ही बुटकी म्हणून चिडवायचा ना. गल्लीच्या बाजूला तर चवड्यांवरच होत्या. मी बोललो, तर डोळे वटारले. तुम्ही कळंबोलीला सळया आणायला गेला होता, त्या दिवसाची खाच तेवढी खरी."

सून नमिता तोंडावर पदर धरून हसली. "बाबा, आई तुम्हाला शेवटपर्यंत गंडवत राहिल्या."

वामनलाही हसू फुटलं. त्याने सगळ्यात खालच्या खाचेवर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच राहिला.

"मग खरं माप घेऊ?" हौसेरावने विचारलं.

"खरं घेतलं तर ती रागवंल. वरचं घेतलं तर तिला खाडी दिसायची नाय."

"वैनी आता कुठं..." हौसेराव टेप गुंडाळायला लागला.

"विचार करून सांगतो."

हौसेराव अधूनमधून फोन करतो. वामन दर वेळी हेच सांगतो. तीन बाजूंना चर्या आहेत. खाडीकडचा कठडा अजून तोडलेला नाही.