भिंतीवरचे मास्तर

वहिनींनी कोपराने ढोसलं तेव्हा मास्तर खिशातल्या टोकनावरून अंगठा फिरवत मनातल्या मनात भांडत होते. भांडण चांगलं रंगात आलं होतं. पहिलं वाक्य नम्र, दुसरं जरा चढ्या आवाजात, आणि तिसऱ्याला सरळ टेबलावर हात आपटायचा, असं घरूनच ठरवून आणलं होतं.

"अहो, समोर बघा. भिंतीवर."

परदेशी रहिवाशांच्या त्या कचेरीची भिंत मास्तरांना एव्हाना पाठ झाली होती. पाण्याचा कूलर, बंद पडलेलं घड्याळ, फोनवर बोलू नका म्हणून दटावणारी पाटी. आज पाटीशेजारी काचेची नवी फ्रेम लागली होती आणि फ्रेमच्या आतून, गळ्यात टेप घातलेले खुद्द मास्तर हसत होते. खाली ठळक अक्षरांत त्यांचंच वाक्य होतं: 'वेळ लागतो, पण काम होतं.'

बाकावरच्या माणसांनी एकदा फ्रेमकडे आणि एकदा त्यांच्याकडे बघितलं. कूलरजवळ बाबागाडी पुढेमागे करत उभी असलेली एक बाई जरा जास्तच वेळ बघत राहिली. मास्तरांनी टोकन मुठीत धरलं आणि मान खाली घातली.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. या परक्या गावात नवरा-बायकोचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. मास्तर पुढे मशीनवर, वहिनी मागच्या खोलीत काजं, बटणं आणि हातशिलाईला. मागे एकदा इथल्या वर्तमानपत्राचा बातमीदार पँट आखूड करून घ्यायला आला. 'बाहेरून आलेल्यांना आपलं गाव कसं वाटतं' असं काहीसं सदर तो चालवायचा. गुडघे टेकून, ओठांत टाचण्या धरून मास्तर त्याच्या पायाची उंची घेत होते, तेव्हा त्याने वरून विचारलं, की सरकारी कामांचा तुमचा अनुभव कसा? मास्तरांनी टाचण्या तोंडातून काढल्या आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. टाचण्या तोंडातच राहिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वहिनी पुढे बऱ्याचदा म्हणाल्या.

पण दोष एकट्या मास्तरांचा नव्हता. त्यांच्या सगळ्या मंडळींची रीतच तशी होती. रविवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत चहा व्हायचा, तेव्हा हॉस्पिटलातली नर्स, टॅक्सीवाला आणि इतर दोघे-चौघे मिळून इथल्या वर्तमानपत्राची पार शिवण उसवायचे. एकाच पुलाचं दोनदा झालेलं उद्घाटन, जेवायला उठला की पुन्हा जागेवर न दिसणारा कारकून, धंद्याच्या परवान्यासाठी घालायच्या खेपा. तेच इथल्या कुणी शेजाऱ्याने सहज विचारलं, की सगळ्यांच्या तोंडात साखर. "छान आहे हो तुमच्याकडे सगळं." पाहुण्याने यजमानाच्या घरी नावं ठेवू नयेत, हे प्रत्येकाला लहानपणीच शिकवलेलं. पाहुणचार संपून किती वर्षं झाली हे कुणी मोजलं नव्हतं. घरात शिव्या आणि दारात ओव्या, असं वहिनी म्हणायच्या आणि त्याही तेच करायच्या.

फोटो छापून आला तेव्हा मास्तरांनी तो फोनवरून सासुरवाडीला पाठवला. सासूबाईंनी जावई परदेशी पेपरात आला म्हणून आख्ख्या गल्लीला दाखवला. त्याच सासूबाई आता न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या आणि मुलाच्या घरी अंथरुणाला खिळल्या होत्या. फोनवर लेकीला त्या एवढंच विचारायच्या, "कधी निघतेस?" आणि लेकीचा पासपोर्ट राहण्याच्या परवानगीच्या अर्जासोबत याच कचेरीत कुठल्यातरी खणात पडून होता. मास्तरांच्या कागदांना अजून मुदत होती. अडकल्या होत्या त्या एकट्या वहिनी.

नंबर लागला. खिडकीतल्या बाईंच्या चष्म्याला साखळी होती. मास्तरांना पाहताच त्यांनी चष्मा उतरवून छातीवर सोडला आणि आतल्या दोघींना हाक मारली. हेच ते, फोटोतले. आतल्या दोघी उठून आल्या, हसल्या, एकीने तर हात मिळवला. मास्तरांचं पहिलं नम्र वाक्य त्या गडबडीतच संपून गेलं. दुसरं त्यांनी कसंबसं काढलं, की बायकोची आई आजारी आहे, पासपोर्ट तेवढा लवकर मिळाला तर.

"वरच्या साहेबांची सही राहिलीय," बाई म्हणाल्या. "थोडा धीर धरायला हवा. पण ते तुम्हाला मी काय सांगणार?"

आणि त्यांनी पेन भिंतीकडे रोखलं. मास्तर हसले. हसू आपोआपच आलं. टेबलावर आपटायला आणलेला हात अलगद टेबलावर टेकला आणि तिथेच राहिला.

मग बाई खिडकीतून पुढे झुकल्या. अलीकडे पेपरात या कचेरीविरुद्ध तक्रारी छापून येताहेत, साहेबांना फार लागलंय. गुरुवारी तो बातमीदार इथेच येणार आहे. मास्तर दोन शब्द बोलले तर साहेबांना बरं वाटेल, ते स्वतः हजर असतील.

"आणि सही?" वहिनींनी विचारलं. त्यांची इथली भाषा मोडकीतोडकी होती, पण प्रश्न धड होता.

"साहेब असले की पेनही असतंच," बाई गोड आवाजात म्हणाल्या.

त्या रविवारी मागच्या खोलीत पेपर कुणी उघडला नाही. गोष्ट सगळ्यांना कळली होती. टॅक्सीवाल्याचं म्हणणं, अडला हरी गाढवाचे पाय धरी, आधी पासपोर्ट हातात घ्या, मग काय तो बाणेदारपणा दाखवा. नर्सची मुलगी तिकडे आजीपाशी वाढत होती. तिला इकडे आणायचा अर्ज याच कचेरीत धूळ खात होता, आणि मुलगी आता फोनवर आईशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. चहा निवल्यावर नर्स म्हणाली,

"मास्तर, आम्ही कितीही ओरडलो तरी आम्हाला कोण छापणार? तुम्हाला ते स्वतः बोलवताहेत. आमच्या सगळ्यांच्या वतीने एकदा खरं बोला."

मास्तर कानामागची पेन्सिल काढून तिचं टोक बघत बसले. खरं बोलावं तर सही जाते, न बोलावं तर ही समोर बसलेली बाई. इकडे आड, तिकडे विहीर. त्यांना वाटलं, कुणीतरी बाहेरून येऊन शटर वाजवावं आणि एखादी तुटकी चेन पुढ्यात टाकावी.

वहिनी बटण लावत होत्या. त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"खरं बोलायला उभा जन्म पडलाय," त्या म्हणाल्या. "माझ्या आईला नाही."

नर्सने आपला कप उचलून मोरीत नेऊन विसळला, पालथा घातला आणि नेहमीपेक्षा लवकर निघून गेली.

गुरुवारी कचेरीतलं घड्याळ चालू झालं होतं. बातमीदार आला, त्याच्यासोबत कॅमेरावाला आला, आणि वरून साहेब उतरले. साहेब ठेंगणे आणि बरेच थकलेले दिसत होते. त्यांच्या कोटाची एक बाही दुसरीपेक्षा लांब होती, हे मास्तरांनी बोलायला सुरुवात करायच्या आधी बघून घेतलं. बाकं भरलेली होती. बाबागाडीवाली बाई होती, आणि मागे दाराशी हॉस्पिटलच्या पांढऱ्या बुटांत नर्सही उभी होती.

मास्तर बोलले. सुरुवातीला अडखळले, मग शिलाई सुरू झाल्यावर कापड आपोआप सरकावं तसं होत गेलं. म्हणाले, इथे वशिला लागत नाही. म्हणाले, सगळ्यांना एकच रांग आहे. आपल्या घरी तरी आपण आल्याआल्या कुणाला कपाटाच्या किल्ल्या देतो का? यावर साहेब मनापासून हसले, बातमीदाराने ते वाक्य लिहून घेतलं. मास्तरांना आतून ऊब आल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी दाराशी उभे असलेले पांढरे बूट वळून निघून गेलेले त्यांनी पाहिले. तरीही ते थांबले नाहीत. उलट आणखी एक चांगली गोष्ट त्यांना आठवली आणि तीही त्यांनी सांगितली.

मग साहेबांनी सही केली. कॅमेरावाला म्हणाला, यांच्या बायकोलाही फोटोत घेऊ. वहिनी नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या, पासपोर्ट छातीशी धरून, सांगितलं तेवढं हसल्या.

घरी जाताना नाक्यावर सिग्नलला थांबल्यावर वहिनींनी विचारलं,

"ते सगळं तुम्हाला खरंच वाटतं का हो?"

"अगं, तुझ्यासाठी बोललो मी."

"ते माहीत आहे मला. वाटतं का, ते विचारलं."

मास्तरांना उत्तर द्यायचं होतं. नाही म्हणायचं होतं. पण 'नाही' शोधायला गेले तर ते चटकन सापडेना, आणि त्याची त्यांना फार भीती वाटली. सिग्नल सुटला. वहिनी पुढे निघाल्या.

वहिनी आठवड्याभरात आईकडे गेल्या, महिनाभरासाठी म्हणून. सासूबाई लेकीला बघून उठून बसल्या, मग भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मास्तर रोज फोन करायचे. पुढे पुढे एक दिवसाआड करू लागले. एका सकाळी जाड कापडाला हाताने टाके घालायचे होते म्हणून ते मागच्या खोलीत वहिनींचं अंगुस्तान शोधू लागले. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं ते पितळी टोपण लग्नापासून त्यांच्याकडे होतं आणि खिडकीतल्या वाटीत असायचं. वाटीत नव्हतं. डब्यात, खणात, मशीनखाली, कुठेच नव्हतं. महिनाभरासाठी आईला भेटायला जाणारं माणूस अंगुस्तान घेऊन जात नाही. खुंटीवर वहिनींचा थंडीचा कोट मात्र होता. अस्तर बदलून त्यांनी स्वतःच्या मापाचा करून घेतलेला.

मास्तरांनी फोन लावला. सासूबाई आता काठी टेकत दारापर्यंत येतात, असं वहिनींनी सांगितलं. गल्लीतल्या बायका ब्लाउज शिवायला टाकून जातात, तेही सांगितलं. आवाज मोकळा होता. मास्तरांनी अंगुस्तानाचा विषय काढला नाही.

"तुझा कोट इथेच राहिलाय," ते म्हणाले. "थंडी पडायला लागली. त्याचं काय करू?"

पलीकडे मशीन सुरू झालेलं ऐकू आलं.

"डांबराच्या गोळ्या घालून ठेवा," वहिनी म्हणाल्या.

थंडी संपता संपता मास्तरांच्या स्वतःच्या कागदांची मुदत आली. पासपोर्ट जमा करून ते कचेरीच्या बाकावर जाऊन बसले. घड्याळ पुन्हा बंद पडलं होतं. जुनी फ्रेम काढून तिथे मोठी लावली होती, तीत आता दोघं होती आणि खाली वाक्य तेच होतं. शेजारी आपल्याकडचाच एक नवखा गृहस्थ येऊन टेकला. त्याने फ्रेमकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं आणि आपली भाषा बोलणारं माणूस भेटल्याच्या आनंदात सरकून जवळ आला.

"तुम्हीच ना हे? आणि या वहिनी?"

"हो."

"इथेच असतात?"

"माहेरी गेलीय."

"परत कधी यायच्या?"

मास्तर फ्रेमकडे बघत होते. वहिनी सांगितलं तेवढं हसत होत्या.

"वेळ लागतो," मास्तर म्हणाले.

गृहस्थाने मान वर करून भिंतीवरचं वाक्य वाचलं आणि मोठ्या उत्साहाने ते पुरं केलं.

"पण काम होतं!"

मास्तरांनी त्याच्याकडे पाहून मान डोलावली. हसू आपोआपच आलं. मग त्यांनी मूठ उघडून टोकन पाहिलं. त्यांचा नंबर अजून बराच लांब होता.