अर्जुनानं काय केलं

घोरपडे सरांनी आम्रपालीच्या ट्युटोरियलवर लाल पेनानं आडवी रेघ ओढली आणि कागद तिच्यासमोर सरकवले.

"पुन्हा लिही."

"सर, हे दुसऱ्यांदा लिहिलंय."

"मग तिसऱ्यांदा लिही."

कराडच्या त्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवून सर मेटाकुटीला आले होते. रोज साताऱ्याहून एसटीनं धक्के खात यायचं आणि पोरांनी गाईडमधून जसंच्या तसं उतरवलेलं तपासत बसायचं. म्हणून यंदा त्यांनी शक्कल लढवली होती. बिघडलेला एखादा पोरगा मनानं रचा, आणि माणूस समाजाची चाकोरी का सोडतो याचे जेवढे सिद्धांत शिकवलेत, ते त्याला लावून दाखवा. झालं काय, तर अख्ख्या वर्गानं रचलेल्या पोरांचे बाप दारुडे निघाले, आया सावत्र निघाल्या आणि पोरं झाडून सगळी रिमांड होममध्ये गेली. सरांनी मुकाट गुण देऊन टाकले. निदान त्यांच्यावर सिद्धांत तरी बसत होते.

आम्रपालीचं मात्र भलतंच. उंब्रजहून येणारी ही मुलगी गाईडला हात लावत नसे, म्हणून तर सरांची तिच्यावर भिस्त. तिनं रचलेला अर्जुना पंधरा-सोळा वर्षांचा. गावात कुणाच्या विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली, की आधी त्याला चावडीवर बोलावणं यायचं. दिवसभर बसवून ठेवायचं, दोन थोबाडीत द्यायच्या, दिवेलागणीला सोडून द्यायचं. पुढं त्यानं शाळा सोडली. घरात बोलेनासा झाला. एकदा तर जेवता जेवता बहिणीच्या अंगावर ताट भिरकावलं. चोरी मात्र त्यानं कधीच केली नव्हती.

"लिहिलंयस झकास," सर म्हणाले, "पण याला बिघडलेला म्हणायचं कशावरून? याचा गुन्हा कुठाय?"

"त्यानं केला न्हाई, सर."

"ओळखीतलं कुणी आहे का हा?"

"न्हाई. मनानंच रचलाय."

"मग सगळं तुझ्याच हातात आहे की! चोरू दे त्याला एखादी केबल. सिद्धांत आपोआप लागतील."

आम्रपाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"लय येळा विहिरीपातुर नेला, सर. तिथनं माघारी येतोय. न्हाई चोरत."

सरांचं डोकं फिरलं. चिडले, की त्यांच्या तोंडून थेट गावाकडची, कुंडलची भाषा बाहेर पडायची. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"आगं, मग त्यानं केलंय तरी काय? सरळ सांग की! उगं माझा येळ खाऊ नगंस. उद्यापातुर आलं न्हाई, तर टर्म मिळायची न्हाई, सांगून ठेवतो."

कपबशा गोळा करणाऱ्या रंगुबाई दारातच थबकल्या. आम्रपालीनं कागद उचलले आणि ती निघून गेली. टर्म गेली म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं तर घरचे तिला पुढं शिकवणार नव्हते. हे सरांनाही ठाऊक होतं. एसटीत बसल्यावर त्यांना स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त तिच्या हट्टाचा.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाआधीच ती स्टाफरूममध्ये आली आणि कागद टेबलावर ठेवून उभी राहिली. सर वाचू लागले. चौथ्या पानावर अर्जुनानं केबल कापली होती. तिथून पुढं सगळं सरळ होतं. वाईट संगत आली होती, गरिबीचा ताण आला होता, गावानं मारलेला चोराचा शिक्काही आला होता. बोट ठेवायला कुठं जागा नव्हती. सरांना इतकं हायसं वाटलं, की गुण लिहायला त्यांनी लगेच पेन उघडलं.

"सुरेख! आता एवढं एकच राहिलं बघ. त्यानं चोरी का केली, त्याचं कारण नाही आलं."

"कारण न्हाई, सर."

"असं कसं?"

"घरी गेल्यापासनं त्याला इचारत बसले. काय केलंस, सांग. काय केलंस, सांग." तिचा आवाज जराही चढला नाही. "शेवटाला म्हणला, हां, मीच चोरली. मग घेतलं लिहून."

सरांनी पेन मिटलं. काल आपटलेला हात त्यांनी टेबलावरून खाली घेतला. त्यांना लाज वाटली, आणि इतकी वर्षं आपण वर्गात नेमकं काय शिकवत आलो, तेच कळेना.

"असं कर, आम्रपाली," ते म्हणाले, "तू कालचंच दे मला. तेच बरोबर होतं. पूर्ण गुण देतो."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं.

"आता कसं, सर? कबूल केलंय की त्यानं."