खंडेनवमीचं शून्य

तोडकाम सुरू व्हायच्या सकाळी मी बर्फ कारखान्यातल्या वस्तू मोजल्या. लाद्यांचे लोखंडी डबे बहात्तर, त्यांतल्या अकरांची बुडं गंजून गेलेली. मिठाच्या पाण्याचा हौद एक, कोरडा. कॉम्प्रेसर एक, पट्टा नसलेला. कबुतरांची घरटी सहा. अमोनिया गॅसची आडवी टाकी एक, लांबी दोन मीटर चाळीस. तिच्यावर दाब दाखवणारं गेज, काटा शून्यावर. भिंतीपलीकडे गल्लीत एकोणीस घरं आणि एक अंगणवाडी. खिडकीतून दिसत होती तेवढी मुलं मोजली, तेवीस.

यादी ठेकेदार राजकुमारला हवी होती. गॅस कटर माझा धाकटा भाऊ अश्वजित चालवत होता. आमचे बाबा, सहदेव, एकवीस वर्षं या यंत्रांवर होते. कुठला नट कसा सुटतो ते सांगायला त्यांना दाराशी खुर्ची टाकून बसवलं होतं.

चिखलीच्या जुन्या बाजारामागे हा कारखाना १९६४ साली उभा राहिला. भुशात घालून, गोणपाटात गुंडाळलेली लादी सायकलवरून अमडापूरच्या बाजारापर्यंत जायची. लग्नाचं सरबत असो की पुण्याहून मुलगा पोचेपर्यंत ठेवलेलं प्रेत असो, बर्फ इथलाच. २०११च्या दसऱ्याला तो बंद पडला. आता इथे दुकानांचे गाळे होणार होते.

अकराला अश्वजितने टाकीवर खडूने रेघ मारली. मी यादी पुन्हा ताडून पाहत होते, तेव्हा टाकीतून गेजकडे जाणाऱ्या नळीवरच्या कॉककडे लक्ष गेलं. त्याची दांडी नळीला आडवी होती. म्हणजे कॉक बंद. म्हणजे काटा टाकीतला दाब दाखवत नव्हता. तो काहीच दाखवत नव्हता.

"अश्या, थांब."

"आता काय राह्यलं तुझं? कबुतरं पुन्हा मोजतं का?" त्याने कटर पेटवला. निळी ज्योत फसफसली.

"टाकी रिकामी आहे हे कोणी पाहिलं?"

"काटा दिसत नाही का, ताई?" राजकुमार म्हणाला. "शून्य आहे ना! अन् वास येऊन राह्यला का कुठं? चाल बे, अश्वजित, गाडी येऊन राह्यली."

वास गळती असली तरच येतो, हे सांगायला वेळ नव्हता. ज्योत रेघेपासून वीतभर अंतरावर होती. मी धावले आणि कटरच्या सिलिंडरची चावी फिरवून टाकली. ज्योत फट करून विझली.

"डोकं फिरलं का तुझं?" अश्वजित ओरडला.

मी बाबांकडे वळले. "बाबा, हा कॉक कोणी बंद केला?"

बाबा खुर्चीतून उठले होते. "म्याच," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. मालक भगवानराव खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायचे. त्या दिवशी यंत्राला विश्रांती, सगळे काटे शून्यावर हवेत, असा त्यांचा नेम. "आता पूजेसाठी गॅस काऊन सोडून द्याचा? दरवर्षी मी कॉक बंद करू, नट ढिला करून नळीतला गॅस काढू, अन् नट पुन्हा आवळू. काटा शून्यावर. मालक खूश. दुसऱ्या दिवशी मी दीक्षाभूमीले जाऊ, नागपूरहून आलो का कॉक उघडू."

"आणि त्या वर्षी?"

"आलो तं गेटाले कुलूप. मालकाच्या घरात भावाभावाचं भांडण. आत कोणी जाऊच देल्लं नाही."

"मंग इतक्या वर्षांत कोणी सोडला असंन ना गॅस," राजकुमार म्हणाला. पण तो दाराकडे सरकला होता.

"कोण सोडंन? टाकीतला गॅस सोडाची चावी माह्या घरी होती."

अश्वजित हातातल्या थंड कटरकडे पाहत राहिला. मग हळूच तो जमिनीवर ठेवून म्हणाला, "बाबा, मी रेघ मारली होती हो."

मी त्याला अंगणवाडीत पाठवलं. वारा पश्चिमेचा होता. तिथल्या सेविका जनकाबाई मुलांना पश्चिमेकडच्या शाळेत घेऊन गेल्या. अंगणवाडीच्या दारात उभं राहून मी मोजली. तेवीस. मग एकोणीस घरांची दारं वाजवली. एका घरात कोकिळाआजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. राजकुमारने त्यांना पाठीवर घेतलं.

"आता अग्निशमनवाल्यांना फोन करू," मी म्हणाले.

"ते विचारतीन, आत गॅस आहे का. काय सांगशीन?" बाबांनी ओलं फडकं तोंडाला बांधलं. "बंद म्याच केला होता. मीच उघडतो. तू बाहेर जाय."

"तुम्हाला चष्म्याशिवाय आकडा दिसत नाही."

दुसरं फडकं भिजवून त्यांनी माझ्या हातात दिलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला, दाराच्या अंगाला उभी राहिले. त्यांनी कॉकची दांडी धरली. दांडी जागची हलेना. त्यांनी नटावरून बोट फिरवलं, तळहात पँटला पुसला आणि पुन्हा धरली. ती करकरली, केसभर वळली.

"किती?"

काटा शून्यावरून उठला आणि तेरावर थांबला. चौरस सेंटिमीटरला तेरा किलो. वेळ अकरा वाजून बावन्न मिनिटं.